वडिलांचा रकाना

मेसेज अगदी सभ्य होता. 'आपली पाल्य आज शाळेत अनुपस्थित आहे. कृपया कारण कळवावे.' खाली पोरीचं पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी, शाळेचं नाव आणि शाळेचा फोन नंबर. मुलांच्या काळजीपोटी काढलेली सोय आहे म्हणे ती. असेल. मी सोयीला नावं ठेवत नाही. मी एवढंच विचारते, की बाबांनो, ही काळजी कुणाच्या घरी पाठवताय, ते तरी आधी बघाल की नाही?

थांबा, पहिल्यापासून सांगते. माझा पारा लवकर चढतो, आणि चढला की मी गोष्ट मधूनच सुरू करते.

माझं शिलाईचं दुकान आहे. नवीन कपडे कमीच. उसवलेलं, सैल झालेलं, आखूड झालेलं, चेन बिघडलेलं, असलं सगळं माझ्याकडे येतं. एका बाजूला चपला दुरुस्त करणारा, दुसऱ्या बाजूला चावीवाला, मधे मी. दुकानाच्या मागून जिना वर जातो आणि वर दोन खोल्या आहेत. एकीत मी राहते. दुसरी आमचे हे गेल्यापासून चिंध्यांनी भरलेली होती. आम्हाला मूलबाळ नाही. हे असताना मला म्हणायचे, "तू कापड कमी आणि गिऱ्हाईक जास्त कापतेस." खोटं नव्हतं ते. पण गिऱ्हाईक परत येतं, कारण माझी शिलाई उसवत नाही.

एका दुपारी दारात एक बाई उभी राहिली. तिशीची असेल. हाताला एक काटकुळी पोरगी, पोरीच्या हाताला प्लास्टर.

"काकू, काही काम मिळेल का?"

"मशीन चालवता येतं का?" मी मान वर न करता विचारलं. उत्तर नाही. मी परत विचारलं, जरा चढ्या आवाजात. तेव्हा तिने मान वळवून उजवा कान माझ्याकडे केला.

"डाव्या कानाने ऐकू येत नाही मला," ती म्हणाली.

"जन्मापासून?"

"नाही." आणि तिने पोरीकडे बघितलं.

मी पुढे विचारलं नाही. तिखट असले तरी मठ्ठ नाही मी. एक शर्ट पुढे टाकला आणि म्हटलं, काज करून दाखव. तिने केलं. मी ते उजेडात धरलं, उलटसुलट केलं आणि गप्प बसले. मी गप्प बसले म्हणजे काम पसंत, हे सगळ्या रस्त्याला माहीत आहे. तिलाच माहीत नव्हतं, म्हणून ती बिचारी निघायला लागली. मी ओरडले, "कुठे निघालीस? त्या ढिगातले चार शर्ट उचल आणि बस तिथे." पोरगी माझ्या ओरडण्याने आईच्या मागे लपली. तेव्हा मला पहिल्यांदा माझ्या आवाजाची लाज वाटली.

चिंध्या काढल्या, खोली झाडली, दोघी वर राहायला आल्या. बाकीचं हळूहळू कळलं. ती सांगायला बसली असं कधी झालं नाही. कधी दोरा ओवताना एक वाक्य, कधी भाजी चिरताना दुसरं. नवऱ्याने कानाखाली मारली त्यात पडदा फाटला. माणूस चारचौघांत इतका गोड, की तिच्या स्वतःच्या आईलाही तिचं खरं वाटलं नाही. मग एकदा पोरगी मधे पडली आणि पोरीचा हात मोडला. हात प्लास्टरमध्ये असलेल्या पोरीला घेऊन ती निघाली, ती थेट इथे, जिथे ओळखीचं काळं कुत्रंसुद्धा नव्हतं. माहेरी गेली नाही, मैत्रिणीकडे गेली नाही. "तो सगळीकडे येतो, काकू," ती म्हणायची. "फक्त जिथे मला कुणी ओळखत नाही, तिथे येऊ शकत नाही."

पोरीचं नाव मी टाचणी ठेवलं. एक तर अंगाने तशीच. दुसरं म्हणजे, संध्याकाळी दुकानभर लोहचुंबक फिरवून पडलेल्या टाचण्या गोळा करायचं काम तिने आपणहून घेतलं. दोऱ्याला चुंबक बांधून ती जमिनीवरून हिंडायची आणि टाचण्या चिकटल्या की खुदकन हसायची. प्लास्टर निघालं तरी तो हात ती कितीतरी दिवस पोटाशी धरून ठेवायची.

एकदा मला म्हणाली, "आई तुला काकू म्हणते. मी पण तुला काकू म्हणते. मग आई माझी बहीण आहे का?"

"तुला काय म्हणायचंय ते म्हण," मी म्हटलं.

तिने विचार केला. "मग मी तुला 'अगं' म्हणते."

आणि तेव्हापासून मी 'अगं' झाले. अगं, भूक लागली. अगं, माझी पेन्सिल कुठे. अगं, तू घोरतेस. या वयात इतकं लाडाचं नाव मिळायला भाग्य लागतं. मी ते मिरवत होते, सरळ सांगते. चावीवाला चिडवायचा, "काकू, हल्ली गिऱ्हाइकाला शिव्या कमी पडतायत, तब्येत बरी आहे ना?" मी त्याला जास्तीच्या दोन हासडायचे, म्हणजे हिशोब पुरा.

शाळा उघडली तेव्हा आम्ही दोघी तिला सरकारी शाळेत घालायला गेलो. तिथल्या ऑफिसची खिडकी व्हरांड्यात उघडते. खिडकीला पालकांची रांग, आत क्लार्क. पन्नाशीचा गृहस्थ, सदा सर्दी झालेला, कान बसलेले. माणूस भला. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही त्याला खलनायक समजाल. तसा असता तर बरं झालं असतं, भांडायला तरी मजा आली असती.

टाचणीच्या आईने खिडकीत तोंड घालून हळू आवाजात सांगितलं, "साहेब, आम्ही कुठे आहोत ते हिच्या वडिलांना कळता कामा नये."

"काय? जरा मोठ्याने बोला."

मागची रांग कान टवकारून पुढे सरकली. कुणाच्या घरात काय जळतंय, हे ऐकायला माणसं जेवण सोडून येतील. ती लाल झाली. परत म्हणाली, पण आणखी हळू.

"वडील हयात आहेत ना?" क्लार्कने खणखणीत विचारलं.

"हयात आहेत, पण आमच्या उपयोगाचे नाहीत," मी मागून म्हटलं. रांग हसली. क्लार्कही हसला.

ती हसली नाही. म्हणाली, "मोबाइल नंबर फक्त माझा टाका. फक्त माझाच."

"टाकतो, ताई. काळजी नको." आणि त्याने तो टाकला. मी स्वतः बघितलं, एकेक आकडा विचारून टाकला.

आता इथे एक गोष्ट समजून घ्या. हल्ली प्रत्येक पोराला पहिलीतच एक क्रमांक देतात. तो शाळा सुटेपर्यंत पाठ सोडत नाही. नव्या शाळेत तो क्रमांक कॉम्प्युटरात घातला, की जुन्या शाळेतलं सगळं आपोआप येतं. मार्क, लशी, आजार, आईबाप, सगळं. आम्हाला वाटलं, किती सोपं झालं! कागदासाठी त्या गावाला परत जायला नको. आम्ही हरखून घरी आलो. मी शाळेच्या फ्रॉकला आत चांगली चार बोटं कापड राखलं. पोरगी वाढेल तसा सोडत जायचा, म्हणजे दोन वर्षं बघायला नको.

पोरगी शाळेत रमली. तो हात तिने पोटापासून सोडला. आई गुणगुणत काम करायला लागली, बेसूर, पण मी काही बोलले नाही. मला बोलायला सुचलं नाही असं माझ्या आयुष्यात थोड्याच वेळा झालंय.

मग टाचणीला ताप आला. साधा ताप, दोन दिवसांत उतरला. आईने सकाळीच वर्गाच्या बाईंना फोन करून कळवलंही होतं. बाई म्हणाल्या, झोपू द्या तिला. पण हजेरी कॉम्प्युटरवर लागते, आणि कॉम्प्युटरला ताप कळत नाही. त्याला फक्त हजर आणि गैरहजर कळतं. त्याने आपलं काम केलं आणि तो सभ्य मेसेज पाठवून दिला.

तो आमच्याकडे आला नाही. आमच्या लक्षातही आलं नाही की तो यायला हवा होता.

त्यानंतर काही दिवसांनी दुपारी दुकानात एक माणूस आला. हातात कोट. "काकू, बाह्या जरा लांब वाटतात. बघता का?" स्वच्छ नखं, मऊ आवाज, बोलण्यात अदब. मी मापं घेता घेता माणूस ओळखते, असं मी जन्मभर मिरवत आले. त्याला कोट घालायला लावला, मनगटापाशी टाचण्या लावल्या. तो म्हणाला, "तुमचा हात फार हलका आहे." मला तो आवडला, कशाला खोटं बोलू? म्हटलं, गिऱ्हाईक असावं तर असं. शाळेच्या पोरांबद्दल बोलला, घरांच्या भाड्याबद्दल बोलला. बोलता बोलता जिन्याकडे बघत होता. म्हणाला, "वर कुणी राहतं का?"

मी उत्तर देणार तेवढ्यात टाचणीची आई इस्त्रीचे कपडे घेऊन जिना उतरत आली. शेवटच्या पायरीवर थांबली. तिने काही ओरडाआरडा केला नाही. फक्त तिचा हात हळूच वर गेला आणि तिने डावा कान झाकून घेतला.

"कशी आहेस?" तो म्हणाला. तसाच मऊ आवाज.

एका बाहीला माझ्या टाचण्या, माझ्या हातात मोजपट्टी, आणि हा तो. तळपायाची आग मस्तकात गेली. मी टेबलावरची मोठी कात्री उचलली आणि काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. चपलांवाला धावत आला, चावीवाला हातोडी घेऊन आला, रस्ता जमला.

तो घाबरला नाही. कोट काढला, घडी घातली, टेबलावर ठेवला. "मी मुलीचा बाप आहे," त्याने सगळ्यांना सांगितलं. "शाळेनेच मला कळवलं. हे बघा." आणि त्याने फोन पुढे धरला. त्यावर तो मेसेज. लोक वाचायला लागले आणि एकमेकांकडे बघायला लागले. बाप आहे म्हटल्यावर चावीवाल्याचीही हातोडी खाली आली. "पोरगी आजारी होती आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं. मग तिच्याकडे वळून म्हणाला, "मी येतो परत. मला काही घाई नाही." आणि गेला. बाह्या आखूड करून ठेवा, असंही जाता जाता मला सांगून गेला, मेला!

पोलिसांकडे गेलो. त्यांनी लिहून घेतलं. म्हणाले, बाप आहे, दुकानात आला, कोट दिला, यात गुन्हा काय? मग आम्ही शाळेत गेलो. मी तर गळ्यात मोजपट्टी घेऊन तशीच गेले.

मुख्याध्यापक बाई समजूतदार सुरात म्हणाल्या, "हे पाहा, तो मेसेज मुलांच्या सुरक्षेसाठीच असतो." माझ्या तोंडाचा पट्टा सुटणार होता, पण क्लार्क मधे आला. त्याने कॉम्प्युटर उघडून दाखवला. "काकू, हा बघा ताईंचा नंबर. मी टाकला होता."

होता. पण दुसऱ्या रकान्यात. पहिला रकाना वडिलांचा, आणि तो जुन्या शाळेतून भरूनच आलेला. त्यात त्याचा नंबर जिथल्या तिथे.

"तो काढला का नाहीस?"

"काढताच येत नाही, काकू. तो रकाना रिकामा ठेवला की पुढचं पान उघडत नाही. प्रवेशच होत नाही."

"मग मेसेज?"

"मेसेज पहिल्या नंबरला जातो."

"आणि पत्ता? माझ्या दुकानाचा पत्ता कुठल्या मेसेजमध्ये होता?"

त्याने रुमाल काढला. सर्दीसाठी नव्हे. "त्यांचा फोन आला होता. मुलगी कशी आहे, फार काळजी वाटते म्हणाले. मी रेकॉर्डशी नंबर ताडून बघितला, तोच होता. मग म्हणाले, आमचा पत्ता बरोबर लिहिलाय ना, जरा बघा. म्हणून मी वाचून दाखवला."

वाचून दाखवला! राखायला ठेवलेल्या कुंपणानेच शेत खाल्लं, आणि तेही सगळे नियम पाळून. मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी टाचणीची आई बोलली. जन्मात तिचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता. व्हरांड्यातली रांग, समोरचा वर्ग, अख्खी शाळा गप्प झाली.

"माझ्या नवऱ्याने माझा कान फोडला! माझ्या मुलीचा हात मोडला! तेच मी तुम्हाला त्या खिडकीत सांगत होते. तुम्ही म्हणालात, मोठ्याने बोला. आता ऐकू आलं का?"

क्लार्क खुर्चीत बसला आणि त्याने चेहरा रुमालात लपवला. मुख्याध्यापक बाईंनी उठून दार लावलं. दार आधीच लावायला हवं होतं. बैल गेला नि झोपा केला. मग मात्र बाई हलल्या, हे खरं. त्यांनी वर फोन लावले, ओरडून भांडल्या, तो नंबर काढून घेतला, टाचणीच्या नावाला कुलूप लावून घेतलं. महिला मदत केंद्रातल्या ताईंनाही त्यांनीच बोलावलं. पण त्याच्या फोनमधला मेसेज कोण काढणार? त्याच्या डोक्यातला माझा जिना कोण काढणार?

मदत केंद्रातल्या ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, दोघींना इथून हलावं लागेल. लगेच.

"कुठे?" मी विचारलं.

ताईंनी हातातली वही मिटली. मग म्हणाल्या, "काकू, ते तुम्हालाही सांगायचं नाही."

"मला? अहो, जीभ छाटून घेईन, पण सांगणार नाही मी कुणाला!"

"जिभेची भीती नाही मला. तुम्ही एकदा फोन कराल. एकदा भेटायला जाल. तुमच्या मागोमाग कोण येतंय ते तुम्हाला दिसणार नाही. आणि तुमच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं, काकू. तुम्हाला माहीतच नसेल, तर तुमच्याकडून कुणी काढून घेऊ शकणार नाही."

मी भांडले. एवढी भांडले, की चपलांवाला उठून बाहेर येऊन बघायला लागला. शेवटी टाचणीची आई माझ्या पायाशी बसली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "काकू, तुम्ही हट्ट केलात तर मी सांगेन तुम्हाला. म्हणून हट्ट करू नका." मी हट्ट सोडला. तिच्या केसांतून हात फिरवत बसले. उजव्या बाजूने बोलायचं असतं, तेही विसरले आणि डाव्या कानाशी काहीतरी पुटपुटत राहिले. तिला ते ऐकू आलं नसेल. बरंच झालं, फार रडवं होतं ते.

सकाळी मागच्या गल्लीत गाडी आली. दोघींचं मिळून एक बोचकं. टाचणी फ्रॉक घालून तयार होती, शाळेचाच, कारण तिच्याकडे धड तेवढाच होता. मी खाली बसून तिची कॉलर सारखी केली. सारखीच होती ती.

"अगं, तू कधी येणार?" तिने विचारलं.

"माझी शिलाई संपली की येते."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "तुझी शिलाई कधीच संपत नाही," ती म्हणाली. रडून नाही, चिडून नाही. आज वार कुठला ते सांगावं, तसं सांगितलं. मग गाडीत जाऊन बसली. गाडी वळेपर्यंत मी उभी होते. ती काचेतून हात हलवत होती, मोडलेलाच हात.

आठवडा गेला असेल. तो कोट घ्यायला आला. मी बाह्यांना हात लावला नव्हता. कोट जसाच्या तसा टेबलावर टाकला. चावीवाला आणि चपलांवाला दोघेही आपापल्या जागी उठून उभे राहिले. या वेळी हातोडी खाली आली नाही, तेवढं श्रेय मी त्यांना देते.

"त्या कुठे आहेत?" त्याने विचारलं.

"मला माहीत नाही."

त्याने माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघितलं. खोटं शोधत होता. टाचण्या शोधाव्यात तसा माझा चेहरा चाचपत होता नजरेने. सापडलं नाही, कारण नव्हतंच. मला खरंच माहीत नव्हतं, आणि ते त्याला कळलं. कोट घेऊन निघून गेला. मी खुर्चीवर बसले, आणि मला मदत केंद्रातल्या त्या ताईंच्या पाया पडावंसं वाटत होतं, आणि त्यांना दोन थोबाडीतही द्याव्याशा वाटत होत्या.

परवा वरच्या खोलीत गादी उलटी केली तर खाली शाळेच्या वाचनालयाचं पुस्तक सापडलं. हत्तीच्या चित्रांचं. शाळेचं ते शाळेला परत करावं म्हणून गेले. खोटं कशाला बोलू, पुस्तक हे निमित्त होतं. तिच्या शाळेच्या दारातून एकदा आत जायचं होतं मला.

ऑफिसची खिडकी आता बंद आहे. एकेकाला आत बोलावतात, खुर्ची देतात, दार लावतात, मग विचारतात. बाकीच्यांनी बाहेर बाकावर बसायचं. क्लार्क मला बघून उठून उभा राहिला. वाळला होता तो. पुस्तक घेतलं, बोटाने पुसलं, बाजूला ठेवलं. मग दाराकडे बघून आवाज खाली आणला.

"काकू, तिचं रेकॉर्ड नव्या शाळेने मागवून घेतलं. कालच. कुलूप बाहेरच्यांसाठी आहे, माझ्याकडे दिसतंय इथे." आणि त्याने कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे फिरवायला हात लावला. "बघायचंय?"

देवाशपथ सांगते, माझा जीव त्या पडद्याकडे धावला. नुसतं शाळेचं नाव. त्यावरून गाव. त्यावरून बस. लांबून बघून आले असते, रस्त्यापलीकडून. कुणाला कळलं असतं?

मी डोळे गच्च मिटले. "फिरव ते तिकडे!"

"काकू, तुम्ही काय परक्या आहात का?"

"हो! परकी आहे मी. तिच्या आईने माझं नाव दिलंय का तुला? नाही ना? मग मी परकीच. मेल्या, इतक्यात विसरलास? त्या दिवशीही तू भला होतास आणि आजही भलाच आहेस. तुझ्या भलेपणानेच पोरगी जाते जिवानिशी!"

पडदा फिरवल्याचा आवाज आला. मी डोळे उघडले. तो मान खाली घालून बसला होता. मला त्याची कीव आली, आणि त्याहून जास्त माझी. उठायला हवं होतं मी. उठले नाही. माझ्याच तोंडून निघून गेलं, अगदी हळू, "बरं, नाव नको. गाव नको. एवढंच सांग. हजर आहे ना ती? जाते ना शाळेत?"

त्याने पडद्याकडे बघितलं. त्याच्या समोरच होतं ते. त्याचे ओठ हलले. मग त्याने हात लांब केला आणि कॉम्प्युटर बंद केला.

"मला माहीत नाही, काकू," तो म्हणाला.

त्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं की त्याला माहीत आहे. त्याचे डोळे भरले होते.

"शाबास," मी म्हणाले. आणि बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्या आयांच्या समोर ढसाढसा रडले. कुणीतरी विचारलं, आजी, तुमचं कोण आहे या शाळेत? मी म्हटलं, कुणी नाही.